एक मूठ आणि घरभर लोखंड

माझ्या सासरी लहानमोठी खुरपी होती, विळे होते, वेल छाटायचा कोयता होता. मूठ मात्र सगळ्यांत मिळून एकच होती.

हे असं का झालं, ते आधी सांगायला हवं. नाहीतर माझ्या सासरची माणसं खुळी होती असा तुमचा समज होईल. तशी ती होतीच, पण त्या वर्षांत सगळं वऱ्हाडच खुळं झालं होतं. साता समुद्रापलीकडे म्हणे कुणी दोघं आपसात लढत होते, त्यांचा कापूस अडला होता, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि म्हणून बाळापूरजवळच्या आमच्या गावात, आमच्या अंगणात, तुळशीच्या वृंदावनात सासऱ्यांनी सरकी टोबली होती, म्हणजे भोक पाडून कापसाचं बी पुरलं होतं. तुळशीला पाणी घालताना ते शेजारच्या कापसाच्या रोपालाही पळीभर घालायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रदक्षिणा घालायच्या तेव्हा आपला नमस्कार नेमका कुणाला पोचतो आहे, या काळजीत असायच्या.

शिवारात जिकडे पाहावं तिकडे कापूस, आणि घरात मात्र औषधालाही नाही. भाव चढला तशा सासऱ्यांनी गाद्या उसवल्या, मग रजया, मग उशा. उशांत ज्वारीचा भुसा भरला. रात्री कुणी कूस बदलली की गोठ्यात जनावर उठल्यासारखा आवाज यायचा. देवापुढच्या वाती जुन्या लुगड्याच्या सुताच्या. साऱ्या घरात कापूस म्हणून एकच उरला होता, तो सासऱ्यांच्या उजव्या कानात. अत्तराचा फाया. पैसा आल्यापासून ते हिन्याचं अत्तर लावत.

आणि दांडे, मुठी? त्या गाड्यांनी खाल्ल्या. कापसाच्या गाडीवर जाळं ताणायला खुंट्या कमी पडल्या, तेव्हा सासऱ्यांनी घरातलं एकेक अवजार उचलून त्याची मूठ उपटली आणि गाडीला ठोकली. गाड्या खामगावला गेल्या, माझे यजमान त्यांच्याबरोबर गेले. यजमान अधूनमधून परत येत, मुठी आल्या नाहीत. गावच्या सुताराला सांगावं, तर तो नव्या गाड्या करण्यात बुडालेला. "गाडी सांगा पाटील, दोन सांगा," तो म्हणे. "मूठ सांगू नका."

आत्याबाईंच्या मोठ्या खुरप्याची मूठ तेवढी वाचली, कारण खुरपं त्यांच्या कमरेला खोचलेलं असे आणि तिथे हात घालायची सासऱ्यांची टाप नव्हती.

त्या खुरप्यावर आत्याबाईंची वाडी चालायची. घरामागे, आंब्यापासून विहिरीपर्यंतचा एक तुकडा. वांगी, मिरची, भेंडी, गवार, कुंपणावर वालाचा वेल. बाकीच्या घरात कुणी उठायचं कधी, जेवायचं काय, विकायचं काय, सगळं सासरे ठरवत. वाडीत मात्र कुठे काय लावायचं हे आत्याबाई ठरवत, आणि तिथे त्यांचा आवाजसुद्धा निराळा निघे. सासऱ्यांचा डोळा आता त्या तुकड्यावर होता.

"भाजी खाऊन कोनाचा वाडा झाला?" ते एकदा जेवताना म्हणाले.

"मंग कापूस शिजवून वाढू का तुमाले?" आत्याबाईंनी विचारलं.

बरीच बोलाचाली होऊन शेवटी असं ठरलं, की आर्द्रा नक्षत्र संपेपर्यंत वाडी भाजीनं भरली तर ती आत्याबाईंची. जेवढी रिकामी राहील तेवढीत सासरे सरकी टोबणार. आत्याबाईंनी त्या वेळी नुसती मान हलवली. त्यांच्या खुरप्याला ते जड नव्हतं. पण त्यांना ठाऊक नव्हतं, की घरात मी आले आहे.

मी अमरावतीची. परकोटाच्या आत वाढलेली, बापाच्या पेढीवर बसून अक्षरं ओळखायला शिकलेली. त्यामुळे मला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. अमरावतीला भाजी आमच्या दारात टोपलीतून यायची. ती टोपलीच्या आधी कुठे असते, याचा विचार मी केला नव्हता. तरी त्या दिवशी मी पुढे होऊन म्हटलं, "आत्याबाई, एकाच मुठीत सारी लोखंडं बसवता येतात. खुरपायचं तवा खुरपं घालायचं, कापायचं तवा विळा घालायचा. अमरावतीले असंच करतात."

"असं?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग कर."

एवढ्या सरळ त्या कधी बोलत नसत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण शंका येण्याइतकी अक्कल त्या वयात माझ्यापाशी नव्हती.

खुरप्याचं शेपूट मुठीच्या भोकात जातं आणि लाखेनं तिथे चिकटून बसतं. आत्याबाईंचं खुरपं किती वर्षं तसं बसलेलं होतं कोण जाणे. मी ते चुलीवर धरलं. लाख पाघळली, थेंब थेंब राखेत पडली, आणि खुरपं सुटून आलं. घरातली एकुलती एक पक्की गोष्ट मी एका सकाळी मोकळी केली आणि वर पदर खोचून सगळ्यांना दाखवली.

मग विळा. त्याचं शेपूट जाड, ते जाईना. मी ते लालभडक तापवून भोकात दाबलं. धूर झाला, भोक जळून मोठं झालं, विळा बसला. मला धन्य वाटलं. पण विळा काढून परत खुरपं घातलं, तर ते भोकात असं डुलायला लागलं, की देवळातली घंटा बरी.

चिंधी गुंडाळली. आत्याबाईंनी पहिला घाव घातला आणि मूठ त्यांच्या हातात राहिली, खुरपं वांग्याच्या मुळाशी. चिंधी कुठे गेली ते कळलंच नाही. मग मी भोकात कणीक भरली. ती वाळून चांगली घट्ट झाली आणि पावसाची सर येताच परत कणीक झाली. मग गूळ. गुळाचा पाक करून ओतला आणि थंड होऊ दिला. माझ्या मते हा शोध अमरावतीलाही लागला नव्हता. दुपारपर्यंत खुरपं जागचं हललं नाही. मग हाताला घाम सुटला, पाक सुटला आणि मुंग्या आल्या. त्या मुठीतून आत्याबाईंच्या बाहीत गेल्या. हात झटकत आत्याबाईंनी वाडीला एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाल्या, "मुंग्यांले आवडलं पोरी तुहं काम."

इकडे दिवस चालले होते. वाडीचा विहिरीकडचा अर्धा भाग तसाच ओसाड. सासरे रोज सकाळी येऊन कुंपणापाशी उभे राहत आणि नुसते खाकरत.

आता मला काहीतरी मऊ, दबणारं, भोकात गच्च बसणारं असं हवं होतं. म्हणजे कापूस. तो कुठे होता, हे वर सांगितलंच आहे.

दुपारी सासरे ओसरीवर उजवा कान वर करून झोपत. मी फाया अलगद काढला आणि त्या जागी तेवढ्याच आकाराचा चिंधीचा बोळा ठेवला. फाया खुरप्याच्या शेपटाला गुंडाळला, मुठीत ठोकला, वरून पाणी सोडलं. कापूस फुगला आणि खुरपं असं बसलं, की मीच दोन्ही हातांनी ओढून पाहिलं तरी निघेना. आत्याबाई कामाला लागल्या. खुरपं चालायला लागलं तसा वाडीत हिन्याचा वास पसरला. मिरचीच्या वाफ्यात लग्नघराचा वास. कुठून तरी मधमाश्या आल्या आणि मुठीभोवती फिरू लागल्या.

सासरे जागे होऊन विहिरीवर चूळ भरायला आले आणि चूळ तोंडातच धरून थांबले. मग ती थुंकली.

"वाडीतून माह्या कानाचा वास काहून येऊन राहिला?"

"तुमचा कान तुमच्यापाशीच आहे ना?" आत्याबाई खाली बघत म्हणाल्या.

सासऱ्यांनी कानात बोट घातलं, चिंधीचा बोळा काढला, तळहातावर ठेवला आणि उलटसुलट करून पाहिला. मग ते वाडीत शिरले, आत्याबाईंच्या हातातलं खुरपं घेतलं, वास घेतला, मूठ दगडावर आपटून शेपूट सैल केलं, फाया उपसून काढला आणि मातीसकट परत कानात घातला.

"कापूस कानात ठेवावा," ते मला म्हणाले. "खुरप्याले कान नसते, सुनबाई."

आर्द्रा संपली. वाडी अर्धी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे सरकीची थैली घेऊन आले आणि बरोबर अकोल्याचा एक दलाल घेऊन आले. तो शेतं पाहायला मुक्कामाला होता. घराच्या मागेसुद्धा मी कापूस घेतो, हे सासऱ्यांना त्याला दाखवायचं होतं.

"आना खुरपं," ते म्हणाले.

आत्याबाईंनी लोखंड एका हातात आणि मूठ दुसऱ्या हातात धरून माझ्यापुढे केली. "दे व बसवून मामाजीले. तुह्या हातचं दे."

मी त्या वेळी फुलून गेले. आत्याबाईंना माझ्या कामाची किंमत कळली, असं वाटलं. मी नवी चिंधी घेतली, मन लावून गुंडाळली, ठोकली आणि दोन्ही हातांनी सासऱ्यांना दिली. त्यांनी थाटात खुरपं उचललं, घाव घातला. खुरपं मुठीतून सुटलं, विहिरीच्या काठावर एकदा वाजलं आणि आत गेलं. बऱ्याच वेळानं डुबुक झालं. सासरे नुसती मूठ घेऊन उभे.

"दुसरं आना."

दुसऱ्या खुरप्याचं शेपूट विळ्याहूनही जाड होतं. मी तापवते म्हटलं, पण दलालासमोर त्यांना थांबवेना. त्यांनी ते दगडानं ठोकलं. मूठ उभी फाटली. तिचे दोन तुकडे सासऱ्यांच्या पायाशी पडले आणि घरात लोखंड तेवढं राहिलं.

दलालानं आधी खोकल्यासारखं केलं, मग त्याला राहवलं नाही. "पाटील, एवढा कापूस अन् घरात खुरप्याले मूठ नाई?"

बोटानं भोकं पाडून सरकी टोबता आली असती. पण कानात अत्तर असलेला माणूस दलालासमोर बोटानं माती उकरत नाही. "आनतो," सासरे म्हणाले. "अकोल्याहून आनतो. अशी मूठ आनतो का गाव पाहत राहीन."

"आना ना," आत्याबाई म्हणाल्या. "आल्यावर जेवढी जागा रिकामी दिसन तेवढी तुमची. चालन?"

मुठीशिवाय ही बाई काय करणार, असं सासऱ्यांना वाटलं. ते दलालाकडे पाहून हसले. "चालन," म्हणाले आणि त्याच्याच दमणीत, हलक्या बैलगाडीत, बसून गेले.

दमणी वळणाआड जाताच आत्याबाईंनी पदर खोचला आणि गुडघे टेकून बसल्या.

"आत्याबाई, पन मूठ?"

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरून बोटं हलवली. "ह्या बसवूनच आल्या होत्या. बस खाली, तुह्याबी आहेत."

माती ओली होती. बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज जाई. आम्ही वांग्याची रोपं लावली, मिरची लावली, गवार आणि भेंडी टोबली. सासरे अकोल्याच्या जुन्या शहरात अडकले होते. मोर्णा नदीला पाणी चढलं होतं. आमची नखं काळी झाली, माझ्या बांगड्यांत चिखल वाळला, आणि कामाला लागल्यापासून प्रथमच माझ्या हातातून काहीही निसटून पडलं नाही.

सासरे परत आले ते भाड्याच्या बैलगाडीतून. गाडीत एक पलंग होता. लाखेचे लाल-पिवळे पट्टे असलेले कातीव पाय, बसका, देखणा, एखाद्या ठेंगण्या नवरदेवासारखा.

"मूठ?" आत्याबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी पलंगाच्या एका पायावर हात ठेवला. साऱ्या जुन्या शहरात मुठी करणारा सुतार उरला नव्हता. कापसाचा पैसा आलेल्या लोकांना पलंग हवे होते. एका दुकानात हा पाय त्यांच्या हाताला नेमका बसला. पण दुकानदार पलंगाचा एक पाय विकायला तयार होईना, उरलेल्या तिघांचं काय करू म्हणाला. दलाल बाजूला उभा होता. सासऱ्यांनी पलंग घेतला.

हे सांगून ते वाडीत गेले, सरकीची थैली घेऊन.

"इथं काय?"

"गवार."

"इथं?"

"भेंडी."

"दिसत तर नाई."

"उगवली का दिसन," आत्याबाई म्हणाल्या. "तुमची सरकी टोबल्याबरोबर दिसते का?"

सासरे वाफ्यावाफ्यातून वाकून फिरले. प्रत्येक वितीवर बोटाचा ठसा होता. शेवटी ते अंगणात येऊन पलंगावर बसले, आणि लगेच उठले. पलंगाला गादी नव्हती. गादीला कापूस लागतो.

काही दिवस त्यांनी त्यावर भुशाची उशी आणि पोतं टाकून झोपून पाहिलं. मग एके सकाळी स्वतःच म्हणाले, "घ्या पाय काढून."

मुठी आत्याबाईंनी बसवल्या. मला म्हणाल्या, तू फक्त पाह्य. त्यांनी पायांचे तुकडे केले, प्रत्येकाच्या भोकाचं माप त्याच्या त्याच्या लोखंडावरून घेतलं. पट्ट्यांवरची लाख खरवडून वितळवली, तीत विटकरीची पूड कालवली, भोकात ओतली, शेपूट तापवून दाबलं आणि गार होईपर्यंत हलवलं नाही. हलवायचं नाही, एवढीच गोष्ट मला जमली नसती.

"आता बदलता येतीन का हे?" मी विचारलं.

"बदलायचे काहून? ज्याची त्याले भेटली."

लाल-पिवळ्या मुठीचं पहिलं खुरपं उचलून त्या उभ्या राहिल्या. "धरते का पाहू," म्हणाल्या. मला वाटलं, वाडीत जातील. त्या अंगणात गेल्या, वृंदावनापाशी. सासरे ओसरीवर बसले होते. आत्याबाईंनी खुरपं तुळशीच्या शेजारी घातलं, दाबलं, आणि कापसाचं रोप मुळासकट उचलून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं. खुरपं तसूभरही हललं नाही.

सासऱ्यांनी रोपाकडे पाहिलं, खुरप्याकडे पाहिलं आणि कानातला फाया नीट आत सारला.

"पक्की बसली," ते म्हणाले.

आत्याबाईंनी खुरपं कमरेला खोचलं, हात धुतले आणि प्रदक्षिणा घातली. त्या दिवशी नमस्कार कुणाला पोचतो, याची त्यांना काळजी दिसली नाही.