न अडखळल्याबद्दल नापास

तयारी कुठे संपते आणि पाठांतर कुठे सुरू होतं? मला खरंच माहीत नाही.

आज आमच्या युनिव्हर्सिटीत चिनी विद्यार्थ्यांची इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती. यात पास झालं तरच त्यांना लॅबमध्ये शिकवायची नोकरी मिळते. परीक्षक दोघं: मी आणि माझा सीनियर टॉम.

एका मुलीने अ‍ॅसिड सांडलं तर काय करायचं, हे इतकं छान समजावलं की मी मार्क द्यायचे विसरून ऐकतच राहिले. ती बाहेर गेल्यावर टॉम म्हणाला, "टू परफेक्ट. हे लोक सगळं पाठ करून येतात." आणि तिला नापास केलं.

मी म्हटलं, "मघाचा मुलगा अडखळला, त्यालाही तू नापासच केलंस."

"त्याला येतच नव्हतं ना!"

म्हणजे अडखळलं तर येत नाही, आणि नाही अडखळलं तर पाठ केलंय!

अरे, मीही पाठ करूनच आले या देशात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. व्हिसाच्या मुलाखतीची उत्तरं मी आईला समोर बसवून म्हणायचे. तिला त्यातला एक शब्द कळत नसे, पण मी थांबले की म्हणायची, "इथे अडकलीस बघ. पुन्हा म्हण."

त्याला तुम्ही काय म्हणाल, लबाडी?

निकालावर दोघांच्या सह्या लागतात. मी केली नाही. त्या मुलीची आणि मघाच्या मुलाची परीक्षा दुसऱ्या परीक्षकांनी पुन्हा घ्यावी, असं कारणासकट डिपार्टमेंटला लिहिलं, टॉमला कॉपीत ठेवलं आणि पाठवून दिलं.