काळा थर गरम लागला

वार्ताहर म्हणून मी अठरा वर्षं भुताखेतांच्या बातम्या केराच्या टोपलीत टाकल्या. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितो... कारण हात लावून पाहणारा मीच होतो.

१९७४, फेब्रुवारी, दुपारचे तीन. पारशिवनीजवळचं एक तळं. वरच्या अंगाच्या कारखान्याचं घाण पाणी दोन वर्षं त्यात आलं होतं. आता ते थांबलं होतं. पण चंद्रभागाबाई आणि महादेव या मासेमार ढिवर जोडप्याचे शिंगाड्याचे वेल दोन्ही हंगाम कुजले होते; जे थोडे शिंगाडे आले त्यांना तेलाचा वास होता. यंदा बी टाकायचं, की ते विकून कन्हानला खाणीवर जायचं — हे त्याच आठवड्यात ठरायचं होतं.

भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक खेडकर तळ्याच्या गाळात माणसाच्या जुन्या प्रदूषणाचा माग काढत होते. महादेवच्या डोंग्यातून त्यांनी लांब नळी गाळात ठोकली. शहरात सदर भागातल्या कार्यालयातून मी बातमीसाठी सोबत आलो होतो.

“चिखल पाहाले सदरहून आले? तिकडं नाई का भेटत?” चंद्रभागाबाईंनी मला विचारलं.

“सायबायले तिकडचा पुरला नाई वं,” महादेव म्हणाला.

काठावर नळी उघडली. वर कारखान्याचा तेलकट थर. खाली दोन हात करडा गाळ, शिंपल्यांनी भरलेला. त्याखाली बोटभर काळा थर — राख, कोळसा, लोखंडाची मळी. त्यात एकही शिंपला नव्हता.

“इथे कुणीतरी लोखंड गाळत होतं,” प्राध्यापक म्हणाले. “हजार वर्षं तरी झाली असतील.”

मी काळ्या थरावर बोट ठेवलं आणि मागे घेतलं. तो गरम होता. प्राध्यापकांनी थर्मामीटर खुपसला: करड्या गाळात एकोणीस अंश, काळ्यात एकेचाळीस. तीनदा पाहिलं. तेच.

चंद्रभागाबाईंनी तळवा टेकवला. “चूल आत्ताच इझवल्यावानी हाय.” मग करड्या गाळातला शिंपला उचलला. “सायेब, हे त्याच्या बादचं ना?”

“हो. काळ्या थराला लागूनच आहेत शिंपले. तळं सुधारायला फार वर्षं लागलेली दिसत नाहीत.”

त्या नवऱ्याकडे वळल्या. “बी इकू नका. मी नाई येत कन्हानले.”

“काहून? गरम चिखल पाहून?”

“नाई. शिंपला पाहून.”

सूर्यास्तापर्यंत थर निवला. प्रयोगशाळेत तो पुन्हा तापला नाही. प्राध्यापकांनी अहवालात तापमान लिहिलं नाही, मीही बातमीत नाही. त्या उष्णतेचं कारण दोघांनाही सापडलं नाही. मला आजतागायत नाही.

पुढचा हंगामही वायाच गेला. त्याच्या पुढच्या कार्तिकात महादेव कार्यालयात आला, हिरव्या शिंगाड्यांची टोपली टेबलावर ठेवली.

“वास नाई येत आता. खाऊन पाहा.”

आम्ही खाल्ले. वास नव्हता.