बाजारातल्या विहिरीची दुसरी ओटी

“मीठ टाकलं, साहेब! माह्या विहिरीत मीठ टाकलं! माह्या अंगावर तेजाब फेकलं असतं तं हासून सहन केलं असतं, पन विहिरीत मीठ!”

ठाण्याच्या व्हरांड्यात उभं राहून ओरडणारे हे गृहस्थ म्हणजे गावातल्या सोडावॉटरच्या कारखान्याचे मालक आणि नगराध्यक्षपदाचे उमेदवार. आवाज असा, की कोठडीत झोपलेला चोर दचकून उठला आणि ‘हजर’ म्हणाला. मी त्या ठाण्याचा फौजदार होतो. ती सकाळ आजही विसरता येत नाही, कारण फिर्यादीबरोबर पुराव्याचा हंडाही आला होता आणि फिर्याद लिहून घेण्याआधी पेलाभर पुरावा मला प्यावा लागला.

गावाचं नाव सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्याचा खारपाणपट्टा, एवढं पुरे. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं, पण त्या गावात नवं काहीच येत नव्हतं. सरकी-कापसाचं जिनिंग बंद पडलेलं, रेल्वे लांब शेगावावरून निघून गेलेली, आणि पाणी खारं. किती खारं? डाळीत मीठ घालायची तिथं रीतच नव्हती. धोतर वाळत घातलं, तर वाळल्यावर ते दोरी सोडून स्वतःच्या पायावर उभं राहायचं. कावळे पाणी प्यायला सातपुड्यात जायचे आणि परत येईपर्यंत पुन्हा तहानलेले असायचे. यातली एखादी गोष्ट मी वाढवून सांगत असेन. कोणती, ते आता मलाही आठवत नाही.

अशा गावात चालणारा एकच धंदा होता, गोळीच्या सोड्याचा. शेठजींचं शेत डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या गोड विहिरीचं पाणी पिंपांत भरून बैलगाडीनं रोज कारखान्यात यायचं. जिनिंग बंद पडल्यावर घरी बसलेल्या बायका इथं बाटल्या धुवायला लागल्या होत्या. कारखान्यावर पाटी शेठजींच्या नावाची, पण कारभार त्यांच्या पत्नीचा. शेठजींना बोलायची हौस. बोलता बोलता ते निवडणुकीला उभे राहिले.

नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडायचा होता. शेठजींनी वचन दिलं, ‘गावाला गोड पाणी पाजीन.’ नुसतं वचन देऊन थांबले नाहीत. बाजारात त्यांची मोकळी जागा होती, तिथं स्वखर्चानं विहीर खणली. आणि काय सांगावं, पाणी गोड लागलं! त्या दिवशी गावात लोक एकमेकांना पाणी पाजून रडत होते. शेठजींच्या पत्नीनं पाच सवाष्णींना घेऊन विहिरीची पूजा केली, खणानारळानं ओटी भरली, बँड वाजला. विरोधी उमेदवार, म्हणजे जुने अध्यक्ष, घरात दार लावून बसले.

आणि मतदान तोंडावर आलेलं असताना ते पाणी एका रात्रीत खारं झालं.

मी पंच घेऊन विहिरीवर गेलो. पंचनामा करायचा तर पंचांनी स्वतः पाहिलं पाहिजे, म्हणून दोन्ही पंचांना पाणी चाखायला लावलं. एकानं तोंड एवढं वाकडं केलं, की सहीसुद्धा तिरकी झाली. हवालदारानं गळ टाकून पाहिलं. मिठाचं पोतं नाही, सुतळी नाही, काही नाही. वर आला तो फक्त एक भिजलेला खण, आणि एक नारळ तरंगत होता.

“ओटीचं हाये, साहेब,” हवालदार म्हणाला. मीही मान हलवली. खण-नारळ पंचनाम्यात लिहिले आणि विसरलो.

तेवढ्यात बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गलका उठला. गावात ठोक मीठ विकणारा एकच किराणा दुकानदार होता, आणि तो जुन्या अध्यक्षांचा पक्का माणूस. त्याच्या गोदामातली मिठाची थप्पी निम्मी झालीय, ही बातमी कोणीतरी आणली. झालं! लोकांनी दुकानाच्या फळ्या उपटायला सुरुवात केली. मी पोचलो तेव्हा दुकानदार तराजूमागं उभा होता, सदरा फाटलेला, आणि एकजण ओरडत होता, “ह्याले त्याच विहिरीत टाका बे! खारा होऊ दे पुरा!”

मी दुकानदाराला ठाण्यात आणलं. अटक म्हणून नव्हे, तर जीव वाचावा म्हणून. तसं स्टेशन डायरीत लिहिलंही. बाहेर फाटकाशी गर्दी बसली. सूर्य मावळायच्या आत गुन्हेगार मिळाला नाही, तर त्याचं दुकान जळणार, हे गर्दीतला प्रत्येकजण मला आदरानं सांगून गेला.

चौकशी सुरू केली.

“मीठ कुठं गेलं?”

“इकलं, साहेब.”

“कुणाला?”

“ते नाही सांगत.”

“बाहेर लोक रॉकेल घेऊन बसलेत, दिसतंय ना?”

“दिसते नं. रॉकेलबी माह्याच दुकानातलं हाये.”

मी चाळीस वर्षांच्या नोकरीत दरोडेखोर बोलते केले, मुके बोलते केले, एकदा तर चोरीच्या म्हशीनं मालकाचं घर सांगितलं. पण हा माणूस बोलेना. चहा पाजला, दम दिला, पुन्हा चहा पाजला. शेवटी एवढंच म्हणाला, “नाव घेतलं तं कोन इश्वास ठेवीन? म्हनतीन, इरोधी पार्टीचा हाये, खोटं बोलून राह्यला. अन् खरं सांगू, इश्वास ठेवला तं त्याहून वाईट.”

हे वाक्य मला टोचलं. ज्याला वाचायचं असतं तो दुसऱ्याचं नाव घेतो. हा दुसऱ्याला वाचवत होता. विरोधी पक्षाच्या माणसाला स्वतःच्या पक्षातलं कुणी वाचवायचं असेल, तर मग त्याचं नाव घेतल्यावर विश्वास न बसायला काय झालं? उलट सगळ्या गावाचा बसला असता.

दुपारी जेवायला घरी गेलो. आमच्या सौभाग्यवतीला पोलिसांच्या तपासाबद्दल पहिल्यापासून फारसा आदर नाही. पानावर भाकरी टाकत तिनं विचारलं, “विहिरीत सापडलं काय?”

“काही नाही. ओटीचा खण आणि वर तरंगणारा नारळ.”

“मग सापडलं की. पहिल्या ओटीचा नारळ एव्हाना कुजून तळाशी गेला असता. हा ताजा तरंगतोय.”

मला आठवलं. “काल बाजार उठायच्या वेळी शेठजींच्या बायकोनं पुन्हा पूजा केली म्हणे. सगळ्या बाजारानं पाहिलं. शेतातल्या गोड पाण्याची पिंपंही ओतली विहिरीत, गाडीवरून. लोकांनी शेठजींचा जयजयकार केला.”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी नव्यानं भरती झालेल्या शिपायाकडं पाहत असे.

“पाणी लागलं तेव्हा ओटी भरली, ती आगतस्वागताची. दुसऱ्यांदा सवाष्ण ओटी कधी भरते? पाहुणी घरी जायला निघाली की. तुमची बहीण परवा गेली तेव्हा मी काय केलं?”

घास हातातच राहिला. बाईनं विहिरीला निरोप दिला होता! भरल्या बाजारात, हळदीकुंकू लावून, माफी मागून. आणि पिंपांत गोड पाणी आहे हे आम्ही सगळ्यांनी न चाखता ठरवून टाकलं होतं, कारण गाडी शेठजींची होती. गुन्हा अख्ख्या गावानं टाळ्या वाजवत पाहिला आणि साक्षीदार एकही नाही.

भाकरी तशीच ठेवून, वाटेत ठाण्यातून तो खण उचलून मी कारखान्यात गेलो. शेठजी प्रचाराला बाहेर होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सारं गाव वहिनी म्हणे, एकट्याच यंत्रापाशी बसून बाटल्या भरत होत्या. एरवी तिथं बाटल्या धुणाऱ्या बायकांचा एवढा कलकलाट असे की सोड्याला वेगळा गॅस भरायची गरज पडू नये. आज हौद कोरडा होता.

मी भिजलेला खण समोर ठेवला. त्यांनी तो उचलला, पिळला आणि पदराखाली ठेवला.

“पहिल्या ओटीचा हिरवा होता. हा चिंतामणी रंगाचा हाये, माह्या पेटीतला. इकत आनून देल्ला नाही मी तिले, घरातला देल्ला.”

“वहिनी, असं काऊन केलं?” मलाही तोपर्यंत तिथली बोली येऊ लागली होती.

“विहीर लागली अन् सोड्याची एक बाटली खपेना झाली, साहेब. ज्याच्या घरी फुकट गोड पानी, तो सोडा काऊन घेईन? बायकायले घरी पाठवलं म्या. जिनिंग बंद झालं तवा एकदा घरी बसल्या होत्या त्या, आता दुसऱ्यांदा. याइले सांगतलं, तं म्हनतात, निवडून आल्यावर पाहू. हे सभेत जाऊन राह्यले, अन् मी रिकाम्या बाटल्या मोजून राह्यली.”

“आणि मीठ?”

“माह्या भावानं देल्लं.”

तेव्हा उलगडा झाला. सख्खा भाऊ नसलेल्या या बाईनं त्या किराणा दुकानदाराला भाऊ मानलं होतं. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळत असे. नवऱ्याच्या विरोधकाच्या कपाळावर स्वतःच्या हातानं कुंकू! लोणच्यासाठी म्हणून तिनं मीठ मागितलं. एवढ्या मिठात जिल्ह्यातल्या सगळ्या कैऱ्या बुडाल्या असत्या, पण बहिणीनं मागितलं म्हणून त्यानं विचारलं नाही. विहीर खारी झाल्यावर त्याला सगळं कळलं आणि त्यानं तोंड शिवून घेतलं.

“तुमच्यासाठी तो फाटक्या सदऱ्यानं माझ्या ठाण्यात बसलाय. दुकान जाळायला लोक बाहेर टपलेत,” मी म्हणालो.

वहिनींचा हात यंत्रावर थांबला. हे त्यांना माहीत नव्हतं. बाटलीतली गोळी वर सरकली, फट्कन आवाज झाला, आणि बाई उठल्या.

कायद्याचं सांगायचं तर माझ्या हातात काही नव्हतं. विहीर अजून नगरपालिकेच्या ताब्यात दिलेली नव्हती, शेठजींच्या जागेत होती. स्वतःच्या विहिरीत मीठ टाकणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा ठरवायचा? पण दुकानदार सुटायला हवा होता, आणि लोक रॉकेल घेऊन माघारी जायला हवे होते. मी शेठजींना ठाण्यात बोलावून घेतलं. वहिनींनी त्यांना माझ्यासमोर, एकही शब्द न वाढवता सगळं सांगितलं. त्या माणसाचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदाच आणि शेवटचाच हळू ऐकला.

म्हणाले, “साहेब, हे बाहेर सांगतलं तं मी पडलो.”

“हाव,” मी म्हणालो. “आणि नाही सांगितलं, तर तुमचा मेहुणा जळला.”

शेठजी ठाण्याच्या पायरीवर उभे राहिले. ध्वनिक्षेपक नव्हता, त्यांना गरजही नव्हती. “मीठ माह्या घरून पडलं! दुकानदाराचा काही कसूर नाही. माह्या घरचा कारभार मले ठाऊक नाही, अन् मी गावचा कारभार मागून राह्यलो होतो!” गर्दीतून कोणीतरी हसलं, कोणीतरी शिवी दिली. पण रॉकेलचे डबे हळूहळू घरी गेले. दुकानदार बाहेर आला, तेव्हा वहिनींनी भर रस्त्यात त्याच्या फाटक्या सदऱ्यावरची धूळ झाडली.

निवडणुकीत शेठजी पडले. थोडक्यात पडले, हे मात्र मी वाढवून सांगत नाही. पुढं विहीर उपसून उपसून पाणी पुन्हा गोड झालं, आणि वहिनींनी सोड्याच्या पेट्या शेगावला, दर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी पाठवायला सुरुवात केली. बाटल्या धुणाऱ्या बायका परत आल्या. ही कल्पना माझीच, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय.

त्या प्रकरणानं मला एक शिकवलं. आम्ही पोलीस अंधारात, कुंपणामागं, बंद दारांआड शोधत राहतो. पण माणूस काय करतोय ते पाहायचं असेल, तर तो काय लपवतोय यापेक्षा उघड्यावर काय करतोय ते आधी नीट पाहावं. ज्याच्यावर आपला विश्वास बसलेला असतो, त्याचं पिंप आपण चाखत नाही. त्यानंतर मी प्रत्येक पंचनाम्यात सापडलेली वस्तू घरी जाऊन बायकोला सांगत असे. बढत्या मला मिळाल्या, एवढाच काय तो फरक.

निकालानंतर मी एकदा कारखान्यावर सोडा प्यायला गेलो होतो. शेठजी आत कुणाला तरी पुढच्या निवडणुकीबद्दल सांगत होते. एक गोष्ट मला दिवसेंदिवस छळत होती, ती मी हळूच विचारली.

“वहिनी, मत कुणाला दिलं?”

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि दुसरी उचलली.

“याइलेच देल्लं. दुसऱ्या कोनाले देऊ?”