एकशे तेराच्या पुढे

सन २०२४. माझं वय अठ्ठ्याहत्तर. बाबलची सून कुंपणापाशी येऊन म्हणाली, "काकानू, मामंजी गेले." मी जाळं विणत होतो… हातातली गाठ पुरी केली आणि मगच उठलो. कोणी म्हणेल, काय कठोर माणूस. म्हणू दे.

बाबल आणि मी देवबागचे, दोघेही चौथी पास. पण आकड्यांचा असा जाणकार मी शिकलेल्यांतही पाहिला नाही. समोरून होडी गेली की तिचा नंबर तोंडानेच फोडून मोकळा! होड्या वर ओढलेल्या असल्या की ओहोटीला आम्ही खाडीच्या ओल्या वाळूवर बसायचो आणि झावळीच्या हिराने भागाकार मांडायचो. मोठा आकडा घ्यायचा, तो कशाने फुटतो, म्हणजे कशाने भागला तर बाकी उरत नाही, ते बघायचं. रीत बाबलनेच शिकवली. दोनाने गेला नाही तर चाराला विचारू नये, तिनाने नाही तर नवाला नको. जे स्वतः फुटत नाहीत तेवढ्यांनाच विचारायचं.

एकदा मी १२३४५६७ घेतला. एकापासून सातापर्यंत ओळीने, केवढा देखणा! दोन, तीन, पाच, सात… कोणालाच दाद देईना. एकशे तेराने भागलं तर बेचाळीस उरले, आणि तेवढ्यात भरतीचं पाणी पायाला लागलं. मी हीर फेकला. "फुटना नाय! आकडो अखंड आसा."

"मेल्या, भरती इली म्हणान आकडो पुरो झालो?" बाबल हसला. "अकराशे अकरापर्यंत विचारूक व्हया. अकराशे बाराक अकराशे बारान गुणलंस तर ह्याच्या पुढे जाता."

"एकशे तेरापर्यंत कोणाक फुटाक नाय, तो पुढे कोणाक फुटतलो?"

तो अखंड आकडा मी नाक्यावरच्या टपरीवर वीस वर्षं मिरवला. बाबल शेजारीच चहा पीत असायचा. त्याला ठाऊक होतं, पण चारचौघांत त्याने मला कधी खोटं पाडलं नाही. मीही पुन्हा भागून बघितलं नाही. भीती वाटायची, हे आज लिहितो.

जाण्याआधी चार दिवस त्याला बघायला गेलो. आवाज बसलेला. "फोडलंस रे?"

"नाय."

"एकच पावल रवला हा तुझा… मी सांगूचंय नाय. आकडो तुझो, तूच फोड."

मी रागाने उठून आलो. तीच शेवटची भेट.

त्याला पोचवून आलो त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला एकटाच वाळूवर बसलो. एकशे तेराच्या पुढचा न फुटणारा म्हणजे एकशे सत्तावीस. भाग लावत गेलो. नऊ, सात, दोन… शेवटी खाली एकशे सत्तावीसच उरले आणि एकाने गेले. काही राहिलं नाही. पाणी अजून लांब होतं. वाळू झटकून टपरीवर गेलो आणि उभ्यानेच सांगितलं, "आयका रे, माझो आकडो फुटता. बाबलाक पयल्यापासून म्हायत होता."