सूर्याच्या आड आलेला फलक

निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून आम्ही उभयता चाकणला राहावयास आलो, तेव्हा त्या घराची एकच गोष्ट मला मनापासून आवडली : गच्चीवरून पूर्व मोकळी होती. मुंज झाल्यापासून उगवत्या सूर्याचे दर्शन घेऊन अर्घ्य देण्याचा माझा नेम आहे. चौकापलीकडे, कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात तेथे, सूर्यनारायण वर येत आणि मी ओंजळीतले जल त्यांना अर्पण करीत असे.

एके सकाळी नेमक्या त्या जागी, लोखंडी खांबांवर, जाहिरातीचा भला थोरला फलक उभा राहिलेला दिसला. त्यावर बनियन घातलेला एक पिळदार तरुण दंड फुगवून माझ्याकडे पाहत होता. सूर्योदय झाला, हे त्याच्या मागून कडेने पसरलेल्या लालीवरूनच काय ते ओळखायचे. मेघ आड आला तर अर्घ्याला दोष लागत नाही, असे शास्त्र आहे. बनियन आड आल्यास काय, याविषयी ऋषी मौन आहेत. मी डोळे मिटून जल सोडत राहिलो.

खाली पहिल्या पाळीच्या बसची वाट पाहणाऱ्या कामगारांच्या हे ध्यानात यायला फार दिवस लागले नाहीत.

"आजोबा, बनियनवाला पावतो का ओ?"

"पावत आसंल तर आमची नाइट शिफ्ट तेवढी बदलून मागा राव!"

सौभाग्यवतींनीही संधी सोडली नाही. "अहो, मंत्र जरा हळू म्हणा. लोकांना वाटेल, माप सांगताय."

अखेर फलकाच्या ठेकेदाराला मी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत गाठले आणि माझी अडचण सविस्तर निवेदन केली. तो मोठा अदबशीर गृहस्थ होता.

"गुरुजी, सांगाडा काही हलायचा नाही. पण चित्र बदलतं. बोला, काय लावू?"

देवादिकांना चौकातल्या धुरात उभे करणे मला प्रशस्त वाटेना. मी म्हणालो, "हात जोडताना संकोच वाटू नये, इतकेच पाहा. एखादी पूज्य व्यक्ती असावी."

"शब्द दिला. तुमचा एक फोटो काढू का, हात जोडलेला? आठवण म्हणून."

मी उपरणे सारखे केले. आठवण कोणाला राहणार आहे, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही.

काही आठवड्यांनी, एका पहाटे गच्चीवर गेलो, तो समोर उदबत्तीची जाहिरात. तीत दुमजली उंचीचा मी, हात जोडून, नेत्र मिटून, मंद स्मित करीत उभा!

सौभाग्यवती पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "द्या आता अर्घ्य. देव जागृत दिसतो."

ओंजळीतले जल तसेच राहिले. अर्पण करावे, तर भर चौकात आत्मपूजा. न करावे, तर जन्माचा नेम मोडतो. बनियनवाला निदान परका होता. त्याच्या आडून सूर्याचे ध्यान करता येई. स्वतःच्या आडून ते मला जमेना.

ओंजळ तांब्यात रिकामी करून मी तांब्यासह तसाच जिना उतरलो. टपरीपाशी ठेकेदार भेटला. "गुरुजी, या चौकात तुमच्याहून पूज्य कोण, तुम्हीच सांगा," असे म्हणून त्याने माझ्या पाया पडण्याचा प्रयत्न केला. वाद घालण्यास अवधी नव्हता. लाली वाढत होती. रस्ता ओलांडून, स्वतःच्याच पायांखालून वाकून, मी फलकाच्या पलीकडे पोहोचलो.

तेथे कामगारांची रांग उभी होती.

"भावा, बघ, वरचे खाली आले!"

"न्हाई रं. वरचे कसे शांत हायेत. ह्यांना तर धाप लागलीय."

"सरका ओ, आजोबांना सूर्य दिसू द्या!"

रांग दुभंगली. दोन बसगाड्यांच्या मधल्या फटीत तांबडे बिंब उभे होते. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तेव्हा एकाने तिच्या पत्र्यावर थाप मारली. "थांब की दोन मिनिटं, पूजा चाललीय!"

मी तिन्ही ओंजळी दिल्या, मंत्र नेहमीच्या संथ लयीत म्हटले आणि प्रदक्षिणाही स्वतःभोवती सावकाश घातली. कोणी घाई केली नाही. बस बरीच उशिरा सुटली. कंपनीच्या दारात त्यांनी काय कारण सांगितले, ते मी आजवर विचारलेले नाही.