आज सही करू नको

सिस्टरबाईंकडे सल्ला विचारायला गेलेल्या माणसाला आधी बाही वर करावी लागायची. नवरा कामावरून घरी बसलाय, दीर वेगळा निघतोय, पोराला हैदराबादला पाठवावं की नाही, हे सगळं नंतर. आधी त्या दंडाला पट्टा गुंडाळत, कानांत नळ्या घालत आणि रबरी फुगा दाबायला लागत. "बोलू नको. बोललं का वर जाते." पाऱ्याचं जुनं मशीन, त्याचं तोंड कायम त्यांच्याकडे वळवलेलं, त्यामुळे आकडा फक्त त्यांनाच दिसायचा. तो एकशे चाळीसच्या वर गेला की त्या पट्टा सोडून देत आणि म्हणत, "आज काहीच ठरवू नको. घरी जा, जेव, झोप. उद्या येजो." समोरचा माणूस दोन बस बदलून आलेला असो, नाहीतर संध्याकाळपर्यंत त्याला कोणाला तरी उत्तर द्यायचं असो, त्यांना त्याचं काही नव्हतं.

केशोरीच्या पुढे माझं सासर. तिथल्या उपकेंद्रात त्या नर्स म्हणून आल्या आणि रिटायर झाल्यावरही समोरच्याच दोन खोल्यांत राहिल्या. त्यांचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा नीट आठवत नसे. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. अर्ध्या गावाची केली, म्हणून अर्ध्या गावाला त्या अरे-तुरे करत. एकदा सरपंच कुठल्याशा भांडणात स्वतःची बाजू मांडत होते, तर त्यांना भर चौकात म्हणाल्या, "तू पायाकडून आला होता. तू किती सरळ हाय ते मले कायले सांगतं?"  पौर्णिमेला मात्र पांढरी साडी नेसून विहारात जायच्या आणि त्या दिवशी कोणी गाठलंच तर हात जोडून म्हणायच्या, "आज मी सुट्टीवर हाय बाप्पा."

त्यांनी कोणाला धीर दिल्याचं मला आठवत नाही. "काळजी करू नका" हे वाक्य आमच्याकडे सगळेच फुकट वाटतात. सिस्टरबाई म्हणायच्या, "कर ना काळजी. पन जेवून कर." रिकाम्या पोटी आलेल्या बाईला त्या आधी भात वाढत आणि तिचं जेवण होईस्तोवर स्वतः खुर्चीत डोळे मिटून पडत. आपल्याला वाटायचं, झोपल्या. आपण आपलं रडगाणं गात बसायचं. मग मध्येच डोळे न उघडता त्या विचारायच्या, "मघाशी म्हणली, नणदेनं फोन केला. आधी तिनं केला का तू केला?" आणि नेमका तोच धागा आपण लपवलेला असायचा.

त्यांची एक पद्धत होती. कोणताही पेच सांगितला की विचारायच्या, "कोन कोन रागावंल, त्याइचे नावं सांग." माणूस बोटं मोजत नावं सांगायचा. मग दुसरा प्रश्न. "आता यातला कोनाचा राग दोन वर्षांनंतरही राहीन?" बहुतेकांची बोटं तिथे मिटायची. नागझिऱ्याच्या गेटवर गाईड असलेला एक जण पावसाळ्यात आला होता. पावसाळ्यात जंगल बंद असतं, त्यामुळे कमाई नाही, आणि बायको म्हणत होती मोटारसायकल विकून टाका. सिस्टरबाई म्हणाल्या, "गाडी विकशीन तं काम शोधाले पायी जाशीन का? तो मोठा मोबाईल विक." तो इतका रागावला की चप्पल घालायची विसरला. पुढच्या आठवड्यात चप्पल न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात साधा फोन होता.

हे सगळं ऐकून वाटेल की त्यांना लोकांची फार आवड होती. तसं नव्हतं. त्या लोकांना कंटाळल्या होत्या. गुडघे सुजलेले, पाय स्टुलावर, आणि दारात दिवसभर कोणी ना कोणी. फाटक वाजलं की खिडकीचा पडदा ओढून घ्यायच्या आणि आतून ओरडायच्या, "सिस्टरबाई घरी नाही!" लोक बाहेर पायरीवर बसायचे. थोड्या वेळाने पडदा सरकायचा. "आता आलाच हाय तं बोरिंगवरून दोन गुंड पानी आन." ही त्यांची फी. तांदूळ, भाजी, पैसे काहीच घेत नसत, पण पाणी भरल्याशिवाय कोणाची सुटका नव्हती. बोरिंगचा दांडा हाणता हाणता निम्म्या लोकांना आपलं उत्तर आपोआप सापडायचं, असं त्या म्हणत. मला विचाराल तर त्यांना खरंच पाणी हवं असायचं.

सल्ल्यासाठी जायची माझी पाळी आली ती बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. आई आधीच गेली होती. आम्ही दोनच भावंडं, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा मनोहर. माझ्या माहेरचं गाव सासरपासून आठ किलोमीटरवर. तिथल्या तलावाच्या खालच्या अंगाला आमची धानाची शेती. तो तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला असं माहेरी सगळे सांगतात, त्यामुळे जमिनीचा विषय निघाला की घरात आवाज जरा चढतोच. बाबांच्या मागे सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं चढली. धान विकायचं तर माझी संमती, पीककर्ज काढायचं तर माझी सही. मनोहर वैतागला. एक दिवस येऊन म्हणाला, "ताई, सोमवारी अर्जुनीले रजिस्ट्री ऑफिसात चल. हक्कसोड करून टाक. सगळ्याइच्या बहिनी करतेत."

तो खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे बहिणी करतातच. भावाला शेत सोडायचं आणि त्याच्या बदल्यात भाऊबीज, बाळंतपण, उन्हाळ्याचे चार दिवस असं माहेर उघडं ठेवायचं. माझ्या आत्यांनी केलं, मावश्यांनी केलं. पण त्याच वर्षी माझे यजमान ज्या राईस मिलमध्ये कामाला होते ती बंद पडली. पोरीचं बारावीचं वर्ष, सासूबाईंची रोजची औषधं, आणि घरात कमावणारं कोणी नाही. यजमान म्हणाले, "वाटा घे. विकू आनि चौकात दुकान टाकू." म्हणजे भावाला सगळी जमीन हवी होती आणि नवऱ्याला निम्मी, विकण्यापुरती. मला काय हवं, हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही विचारलं. इतकी थकले होते की कोणीतरी कागद पुढे करावा, मी सही करावी आणि घरी येऊन झोपावं, एवढंच वाटत होतं. सही करायची हे मनात पक्कं झालं होतं. सिस्टरबाईंकडे गेले ती नुसती त्यांनी मान हलवावी म्हणून.

गुरुवारी गेले. त्यांनी पट्टा बांधला, फुगा दाबला, बराच वेळ पाऱ्याकडे बघितलं. "एकशे साठ. आज सही करू नको. उद्या ये." शुक्रवारी पुन्हा एकशे साठ. शनिवारी एकशे पासष्ट. मी घाबरले. मीठ सोडलं. गोळी द्या म्हटलं तर म्हणाल्या, "गोळीची गरज नाही. पानी आन." रविवारी पुन्हा तेच. मी वैतागून म्हटलं, "अहो, उद्या सोमवार आहे! मनोहर गाडी घेऊन येईल." त्या म्हणाल्या, "तं त्याले सांग, बीपी वाढलं हाय. आजारी मानसाची सही कोनी घेत नाही."

सोमवार टळला. मनोहर तोंड पाडून परत गेला. त्या चार दिवसांत रोज त्यांच्या अंगणात जाऊन बसायचं, पाणी भरायचं, याखेरीज मी काही केलं नव्हतं. पण चौथ्या दिवशी, त्या रविवारीच, दांडा हाणताना मला एकाएकी रडू फुटलं. तलावाखालची एक बांधी, धानाचा एक तुकडा, डोळ्यांपुढे आली. बाबा धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मला तिच्या धुऱ्यावर, बांधावर, बसवून मनोहरला माझ्या मांडीत द्यायचे, आणि मी त्याला सांभाळत दिवसभर बसायची. ती बांधी मला हवी होती. विकायला नाही. हवी होती, बस. सिस्टरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आता सांग, कोन कोन रागावंल?" मी म्हटलं, दोघंही. "आनि दोन वर्षांनंतर?" नवऱ्याचा राग जाईल, म्हटलं. भावाचं नाही सांगता येत.

पुढच्या महिन्यात अर्जुनीला गेले. ती एक बांधी माझ्या नावावर ठेवली आणि बाकी सगळ्या शेतावर सही करून दिली. यजमान आठ दिवस जेवताना बोलले नाहीत, मग हैदराबादला कामाला गेले. आता रोवण्याला आणि कापणीला येतात, आणि त्या बांधीत माझ्याहून जास्त तेच राबतात. तिच्यातून घरचा वर्षाचा तांदूळ निघतो, बाकी काही नाही. मनोहर मात्र गप्प झाला. भाऊबीजेला आला नाही, बोलावलंही नाही. तलावाचं पाणी त्याच्या बांध्यांतून माझ्या बांधीत उतरतं. ते त्याने एकदाही अडवलं नाही, पण पाच वर्षं मी माहेरच्या गावात जाऊन झाडाखाली डबा उघडून जेवले. तिथून आमचं घर दिसतं. 

एकदा तालुक्याच्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी विचारलं, बीपीचा त्रास? मी म्हटलं, हो, मागे चार दिवस एकशे साठच्या खाली नव्हतं. गोळी? नाही घेतली. आपोआप उतरलं? हो. ते हसायला लागले. तिथून मी सरळ सिस्टरबाईंच्या दारात गेले. पडदा सरकायची वाटसुद्धा पाहिली नाही. "तुम्ही खोटं सांगितलं होतं?"

"हो. एकशे दहा होतं तुझं. चारही दिवस."

"का पण?"

त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतले. म्हणाल्या, "मनात ज्याचं काही चालू राहते त्याचं बीपी वाढते. तुह्यं वाढलंच नोतं. भावाले शेत देतो म्हनून असं सांगत होती जसं बजारातून मीठ आनाचं हाय. मले भेव वाटलं. माहे बाबा गेल्यावर त्याइच्या पुन्यानुमोदनाच्या दिवशी मी पन अशीच होती. शांत. मांडीवर हक्कसोडीचा कागद ठेवला, सही केली, भांडे घासाले गेली. सहा महिन्यांनंतर रडू आलं. तवा कागद कुठं राहते हातात?"

मी विचारलं, "मग मी केलं ते बरोबर केलं ना?" इतकी वर्षं प्रत्येकाला काही ना काही उत्तर देणाऱ्या त्या बाईने पाय पुन्हा स्टुलावर ठेवले. मग म्हणाली, "माहीत नाही पोरी. मले भाऊ हाय, शेत नाही. तुले शेत हाय, भाऊ नाही. आपल्या दोघीइतून कोनाले चांगली झोप येते, ते मले नाही सांगता येत."

त्यानंतर वर्षभरात त्यांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. जाताना अख्खं गाव गाडीभोवती उभं होतं आणि त्या काच वर करून बसल्या होत्या. तिथल्या फ्लॅटमध्ये नळाला चोवीस तास पाणी आहे आणि बोलायला कोणी येत नाही, असं फोनवर सांगायच्या. हे सुख म्हणून सांगतात की दुःख म्हणून, ते कळायचं नाही. या उन्हाळ्यात त्या वारल्या. पुण्यानुमोदन त्यांच्या माहेरगावी, त्यांच्या भावाच्या घरी ठेवलं होतं. मी गेले.

त्यांचा भाऊ ओसरीवर बसला होता. म्हातारा, पांढरा सदरा, डोळे रडून लाल. आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगत होता, "बाईनं मले आयुष्यात कधी काही मागितलं नाही." खूप मायेने सांगत होता. पण तिसऱ्यांदा ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. तिनं मागितलं नाही, आणि बाबा रे, तूही कधी विचारलं नाहीस. हे ओठांवर आलं होतं. गिळलं. त्या घरात माझी काय सत्ता!

परतीची बस यायची होती. थांब्यावर उभी राहून मी मनोहरला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्याने उचलला.

"मी बोलते," म्हटलं.

"हो. बोल."

मी बसच्या वाटेकडे बघत राहिले.  मग तोच म्हणाला, "तुह्या बांधीचा धुरा खालच्या अंगानं फुटला हाय. पाऊस आला का पानी थांबनार नाही."

पाच वर्षांत त्या तुकड्याला त्याने कधी माझी बांधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "उद्या येते मग. बांधून घेते."

"एकटीनं होनार हाय का? मी बी येतो." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आनि डबा आनू नको. घरी जेवजो."