माझा बॉयकट आणि काखेतला व्रण

मंडळी, आज आईच्या आग्रहाखातर कोरमंगलात एका प्लास्टिक सर्जनबाईंकडे गेले होते. सहा वर्षांची असताना अंगावर उकळतं पाणी सांडलं होतं. त्या व्रणाने काख आखडलीय, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पण सवय झालीय, आता कशाला सर्जरी, असं ठरवूनच गेले होते.

डॉक्टर बेळगावच्या, मराठीच बोलल्या. "जरा केस बांधल्यासारखं करून दाखवा बघू."

मी हसले. "माझा कायम बॉयकट असतो हो. लांब केस मला आवडतच नाहीत."

"कधीपासून?"

"सहा वर्षांची असल्यापासून," म्हणाले, आणि उजवा हात मानेमागे न्यायला गेले, तर तो खांद्यापाशीच अडला.

सर्जरी करायची ठरवलीय. नंतरही कदाचित बॉयकटच ठेवेन.

तुमची एखादी आवड खरंच तुमची आहे का, कधी तपासून पाहिलंय?